मी उत्तर का दिलं नाही

कऱ्हाड

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

रात्री 'तू आई आहेस की दगड?' म्हणून तू फोन ठेवलास. मग बाबा तुला लावायला निघाले, मी त्यांच्या हातातून मोबाइल काढून घेतला. तू रागावलास त्याचं मला वाईट वाटलेलं नाही. फोनवर मला नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे. गोळ्या घेतोस ना, हे मात्र विचारायचं नाही असं ठरवूनच बसले आहे.

तुझा प्रश्न होता, 'नवले पुलाजवळ माझ्या गाडीचा कुणाला धक्का लागला नसेल ना?' मी 'नाही रे राजा' म्हटलं असतं तर तुला झोप लागली असती, पण थोडाच वेळ. परवा तुझ्यावर उपचार करणाऱ्या मॅडमनी मला आणि बाबांना समोर बसवून हेच समजावलं. वारज्यापर्यंत जाऊन तू पुन्हा मागे रस्ता बघायला येतोस, तशीच आमच्या तोंडून 'नाही' वदवून घेणं हीही तपासणीच. तपासलं की जीव हलका होतो आणि मन शिकतं की तपासलं म्हणूनच निभावलं. पुढची शंका मग आणखी जोर करून येते. प्रत्येक घरातली माणसं मायेपोटी असा धीर देतात, त्या म्हणाल्या, आणि आजाराला तोच खुराक मिळतो.

त्यांनी सांगितलेलं सगळं मी वहीत उतरवून घेतलं. कुलूप पुन्हा ओढून बघणं, गॅस बंद आहे का पाहणं हे कोण करत नाही? पण नको असलेले विचार आणि ते शमवण्यासाठी केलेल्या कृती दिवसाचा तासाहून जास्त वेळ खायला लागल्या, किंवा त्यापायी कामधंदा आणि झोप बिघडली, की त्याला ओसीडी, म्हणजे मंत्रचळ, म्हणतात. १९७८ मध्ये लंडनमध्ये रॅकमन आणि डिसिल्वा या दोन मानसशास्त्रज्ञांनी चांगल्या धडधाकट माणसांना विचारलं, तुमच्या मनात नको ते विचार येतात का? बहुतेकांनी हो म्हटलं. विचारही तसेच, कुणाला इजा होईल, काहीतरी भयंकर घडेल. फरक इतकाच की त्यांनी ते सोडून दिले. ज्याला वाटतं, 'विचार आला म्हणजे जबाबदारी माझी, मीच खात्री करून घेतली पाहिजे', तो त्यात अडकतो.

हे ऐकताना मला तुझी आठवी आठवली. कोल्हापूर नाक्यावर जीपखाली सापडलेलं ते पिल्लू तू शर्टात गुंडाळून आणलंस. ते गेलं तेव्हा दोन दिवस जेवला नाहीस, आणि जीप काही तू चालवत नव्हतास. शंकेने नेमकी तुझी सगळ्यात हळवी जागा गाठली आहे. ज्याला कुणाची पर्वा नाही त्याला हा आजार या रूपात कशाला होईल? तू कुणाला चिरडून पुढे जाशील असा मुलगा नाहीस. बघ, लिहू नये तेच लिहून बसले. पुन्हा नाही लिहिणार.

आणि तात्या. दुकान बंद करून प्रीतिसंगमावर फिरायला निघायचे आणि अर्ध्या वाटेतून कुलूप ओढून बघायला परत. माई अवाक्षर न बोलता चपला घालून सोबत जायच्या. तात्यांच्या स्वभावावर किती हसायचे लोक! रक्ताच्या नात्यात असलं तर शक्यता वाढते म्हणे, पण तेवढं एकच कारण नसतं. तात्यांना कुणी दवाखान्यात नेलं नाही. तू मात्र स्वतः फोन करून वेळ घेतलीस, आम्हाला नंतर कळवलंस. याचा मला किती अभिमान वाटतो ते मी कुणाला सांगू?

उपचार आहेत, ओंकार. व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये रुग्णांना भीतीच्या वस्तूसमोर उभं केलं आणि धुण्या-तपासण्याची कृती करू दिली नाही. तोवर हा आजार हटत नाही असंच मानत. तुझा गृहपाठ त्याच वाटेचा आहे: नवले पूल ओलांडायचा, मागे वळायचं नाही. छातीतली धडधड वाढेल, थोडा वेळ तशीच राहील आणि काहीही न तपासता उतरेल. मला इथे बसून ते लिहिणं सोपं आहे, गाडीवर तू असणार.

गोळ्यांचं एवढंच सांगते. ओसीडीत डोस अनेकदा नैराश्यापेक्षा जास्त लागतो आणि गुण यायला आठ ते बारा आठवडेही जातात. मध्येच 'काही फरक नाही' म्हणून सोडू नकोस. बरं वाटलं म्हणूनही सोडू नकोस. अचानक बंद केल्या तर गरगरतं, अस्वस्थ वाटतं, कमी करायच्या तर डॉक्टरांच्या सांगण्यानेच. शिवाय रात्रीची जागरणं, ती कॉफी... राहू दे. वर्गात बोलल्यासारखं झालं, माफ कर. रोज साडेनऊ वाजले की माझं लक्ष घड्याळाकडे जातं, त्याला मी काय करू?

तू पुन्हा तोच प्रश्न विचारशील तेव्हा मी म्हणेन, 'ही शंका बोलते आहे, मी उत्तर देणार नाही.' बाबाही हेच म्हणतील, त्यांना मी पाठ करून घ्यायला लावलं आहे. चिड हवं तर, फोन ठेव, मग पुन्हा लाव आणि दुसरं काहीही बोल. ऑफिसातलं, पिंट्याच्या लग्नातलं.

गुरुवारी डॉक्टरांकडे गेलास की मळमळतं आणि झोप लागत नाही हे त्यांना सांग, गोळीची वेळ बदलून देतील. पण तोवर गोळी चुकवू नकोस.

तुझी,
आई