पाठ टेकली की कुस्ती संपते, फाइट नाही

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला एमएमएवरचा (बॉक्सिंग, कुस्ती असं सगळं चालतं त्या मिश्र लढतींवरचा) लेख वाचला, एकाच शैलीवर फाइट जिंकायचे दिवस गेले हे म्हणणं एकदम पटलं. १९९३ साली डेन्व्हरला पहिली यूएफसी (एमएमएची प्रसिद्ध स्पर्धा) झाली तेव्हा बॉक्सर आर्ट जिमरसन एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरला होता, जुजित्सूवाल्या (जमिनीवर जखडून, गळा-सांधे आवळून लढणाऱ्या) रॉयस ग्रेसीने त्याला खाली पाडून जखडलं आणि पुढे काय करायचं हेच न कळल्याने त्याने हार मानली. पण तोच ग्रेसी २००६ मध्ये मॅट ह्यूजकडून पहिल्याच राउंडमध्ये हरला, कारण ह्यूजचा पाया कुस्तीचा असला तरी जुजित्सूही तो शिकून आला होता.

मात्र कुस्तीतल्या पोरांचं अर्धं काम आधीच झालेलं असतं असं लेखात म्हटलंय, ते मला पटलं नाही. मी तालमीत वाढलोय. पाठ टेकू नये म्हणून पैलवान खाली गेला की लगेच पोटावर वळतो, लहानपणापासून अंगात भिनलेली सवय आहे ती. केजमध्ये, म्हणजे एमएमएच्या जाळीच्या रिंगणात, नेमकं तेच केलं की पाठ समोरच्याच्या ताब्यात जाते, त्याचा हात गळ्याभोवती येतो आणि काही सेकंदात टॅप करावं लागतं, म्हणजे हाताने थोपटून हार मानावी लागते. माझ्या पुतण्याचं पहिल्याच स्पारिंगला (सरावाच्या लढतीत) हे झालं, तेही तीनदा. म्हणून कोचमंडळींना कळकळीची विनंती, तालमीतली पोरं थेट फाइटला उतरवू नका, आधी वर्षभर तरी पाठीवर पडून लढायला शिकवा.

– एक वाचक, सांगली