मॅडम, फाइटच्या पलीकडचं शिकवलंत म्हणून

आदरणीय मॅडम,

तायक्वांदोच्या क्लासबाहेर आम्ही पालक बसतो तेव्हा चर्चेला विषय दोनच: फाइट कधी आणि पुढचा बेल्ट कधी. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये या खेळाला पदकं मिळू लागली, तेव्हापासून लोकांना त्यातली क्योरुगी, म्हणजे फाइटच तेवढी दिसते. दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्या, अंगावरच्या लाथेला २ गुण, डोक्यावरच्या लाथेला ३, गिरकी घेऊन मारली तर आणखी जास्त. बघायला मजा येते, नाही कशाला म्हणू! पण पालकांच्या या घाईला तुम्ही कधी बधला नाहीत, त्याचे हे आभार.

आधी किबोन, म्हणजे पाया, घोटून घेतलंत. आप चागीत, म्हणजे समोरच्या लाथेत, गुडघा वर आल्याशिवाय पाय सोडायचा नाही, मारून झाल्यावर तसाच लोंबकळू द्यायचा नाही. मग पूमसे, म्हणजे ठरलेल्या क्रमानं एकट्यानं करायच्या हालचाली. त्यातल्या पहिल्या, तेगुक इल जांगच्या १८ हालचालींत समोर कुणी नसतं, म्हणून पोरं ढिली पडतात. तुम्ही हाताआधी त्यांची नजर तपासता. फाइटमध्ये आमच्या लेकीचा तोल सुटत नाही तो या पूमसेमुळेच, असं माझं ठाम मत आहे.

फळी फोडायच्या दिवशी आम्ही सगळे मोबाइल सरसावून उभे. तुम्ही मात्र आधी लाकडाच्या रेषा कशा जातात ते दाखवलंत आणि नेम फळीच्या मागे धरायला सांगितलात. हात बिचकला तर फळी जागच्या जागी राहते आणि दुखतो तो हात.

पण सगळ्यात जास्त ऋणी आहे ती होशिनसुलसाठी, म्हणजे स्वसंरक्षणाच्या धड्यांसाठी. त्यात पदक नाही, फोटोही धड येत नाही. मनगट धरलं तर अंगठ्याच्या बाजूनं हिसडा द्यायचा, कारण पकड तिथेच कच्ची असते. सुटलं की ओरडायचं आणि पळायचं, थांबून हिरोगिरी करायची नाही. लेकीनं हे घरी आजीला शिकवलं. आता आजी येता-जाता आजोबांना म्हणतात, "धरा बघू माझा हात!"

मॅडम, एक विनंती. आम्हा आयांसाठी संध्याकाळी होशिनसुलची वेगळी बॅच काढाल का? डोबोक, म्हणजे तायक्वांदोचा गणवेश, नको; पंजाबी ड्रेसवर चालणार असेल तर बघा. फी आगाऊ भरू.

आपली,
निळ्या पट्ट्याच्या परीक्षेला बसणाऱ्या एका मुलीची आई