काझीरंगाच्या गेंड्यांना डोंगराकडे जायचा रस्ता तरी राहू द्या

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत काझीरंगाच्या सहलीवर अख्खं पान आलं होतं, जीप सफारी कशी बुक करायची, कुठल्या महिन्यात जायचं, मुगा सिल्कची साडी कुठे बघायची, सगळं होतं. वाचून आमच्या सोसायटीतल्या दोन घरांनी तर दिवाळीनंतरचं प्लॅनिंगपण सुरू केलं. पण जंगलाला अगदी खेटून जो हायवे जातो त्याच्याबद्दल एक ओळसुद्धा नव्हती, म्हणून हे पत्र लिहायला बसले. शिकारीच्या बातम्या तुम्ही छापता, सरकारने साठवलेली गेंड्यांची शिंगं जाळली त्याचीही छापली होती, पण गेंडा पुढे टिकणार की नाही हे आता बरंचसं त्या हायवेवर ठरणार आहे असं मला अगदी मनापासून वाटतं.

आम्ही दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात गेलो होतो, बडोद्याचे चौदा जण, गुवाहाटीहून टेम्पो ट्रॅव्हलर केली होती. तिकडे अंधार लवकर पडतो, साडेपाचलाच मिट्ट काळोख. रस्त्याच्या कडेला "प्राण्यांचा मार्ग, ४० चा स्पीड" असे बोर्ड एकामागून एक येत होते आणि आमची गाडी ऐंशीने चालली होती कारण हॉटेलवर जेवण आठपर्यंतच मिळणार होतं, आणि खरं सांगायचं तर ड्रायव्हरला हळू चालव असं आमच्यातल्या एकानेही म्हटलं नाही. बागोरी म्हणजे काझीरंगाचा पश्चिमेकडचा भाग, त्याच्या अलीकडे ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. समोर हॉग डिअर म्हणतात ते बुटकं हरिण पडलं होतं, आमच्या आधीच्या कुठल्यातरी गाडीने उडवलेलं. अजून जिवंत होतं, मागचे पाय हलवत होतं. ट्रॅव्हलवाल्याचा माणूस म्हणाला इथे हे रोजचंच आहे, बसा. आम्ही बसलो. मला ते अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बागोरी रेंजमध्ये गेंडा पाहिला, आई आणि पिल्लू, पन्नास पावलांवर. धुक्यात आधी नुसता आवाज येत होता, ओलं गवत उपटल्याचा, चरक चरक. मग ती दिसली, वरचा ओठ बोटासारखा गवताच्या पेंडीभोवती वळवायची आणि ओढायची. कान दोन्ही वेगवेगळ्या दिशांना फिरत होते. गेंड्याला दिसतं कमी, त्याचं सगळं काम नाकावर आणि कानावर चालतं, म्हणून आमच्या गाईडने सगळ्यांना गप्प बसवलं होतं. पण पाठीमागच्या जीपमधून कोणीतरी शिट्टी मारली, तिने एकदम जोरात फुर्र केलं, वळली आणि पिल्लाला घेऊन गवतात गेली, संपलं. गाईड सांगत होता की सोळा महिने पोटात वाढवून एकच पिल्लू होतं आणि ते दोन-तीन वर्षं आईजवळ राहतं, म्हणजे एक मादी गेली की पुढची कितीतरी वर्षं गेली. अजून एक गोष्ट त्याने दाखवली जी मला फार आवडली, शेणाचा हा मोठा ढीग, ताज्या शेणाची वाफ निघत होती. गेंडे ठरलेल्या जागी येऊनच शेण टाकतात, वेगवेगळे गेंडे एकाच ढिगावर, आणि वास घेऊन त्यांना कळतं कोण येऊन गेलं. त्या ढिगात बिया रुजून रोपंही उगवतात.

आता मुद्द्याचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा आपला एकशिंगी गेंडा सगळा मिळून दोनशेच्याही आत उरला होता. १९०८ ला काझीरंगा राखीव जंगल झालं, १९७४ ला नॅशनल पार्क, आणि २०२२ च्या मोजणीत एकट्या काझीरंगात २६१३ गेंडे निघाले. भारत नेपाळ धरून जगात सगळे चार हजारांच्या आसपास, म्हणजे तीनातले जवळजवळ दोन या एकाच जंगलात! शिकार २०१३ आणि १४ ला भयंकर होती, दोन्ही वर्षी आसामात सत्तावीस सत्तावीस गेंडे मारले, पण २०२२ ला एकही नाही. हे फॉरेस्टवाल्यांनी रात्र रात्र पहारे देऊन, जिवावर उदार होऊन केलंय आणि त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे.

पण पुराचं काय? काझीरंगा म्हणजे ब्रह्मपुत्रेचं पात्र पसरतं ती जमीन. दर पावसाळ्यात पाणी चढतं आणि ते चढायलाच हवं, नवा गाळ येतो, बील म्हणजे तिथली तळी भरतात, जलपर्णी वाहून जाते, उंच गवत टिकतं. तुमच्या पानावर बांध घालून पूर थांबवावा असं एका चौकटीत लिहिलंय ते म्हणून मला पटत नाही, पूर थांबला तर हळूहळू गवताचं रान जाऊन झाडी माजेल आणि गेंड्याला खायला गवतच राहणार नाही. प्राण्यांना पूर नवा नाही, पाणी वाढलं की ते दक्षिणेला कार्बी आंगलाँगच्या डोंगराकडे निघतात, आणि मध्ये हा हायवे. पानबारी, हल्दीबारी, कांचनजुरी अशा नऊ ठरलेल्या वाटा आहेत, त्यांना कॉरिडॉर म्हणतात. फॉरेस्टने जंगलात मातीचे उंच टेकाड बांधलेत, पुराच्या दिवसात गाड्यांना आत शिरल्याची वेळ टाकलेलं टाइम कार्ड देऊन स्पीडवर लक्ष ठेवतात, २०१९ ला सुप्रीम कोर्टाने या वाटांवर नवीन बांधकाम करायचं नाही आणि डोंगरात खाणकाम करायचं नाही असं सांगितलं. आता हायवेचा सुमारे ३४ किमीचा भाग खांबांवर उचलायला केंद्राने २०२५ मध्ये मंजुरी दिलीय, चांगलीच गोष्ट आहे, पण वरून गाड्या गेल्या आणि खाली डोंगराच्या पायथ्याशी भिंत घातलेली हॉटेलं उभी राहिली तर तो प्राणी पुलाखालून निघून जाणार कुठे?

हे बडोद्याच्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपल्या विश्वामित्री नदीने काय केलं ते आपण सगळ्यांनी सोसलंय, आमच्या खालच्या मजल्यावर तीन दिवस पाणी होतं, फ्रीज तरंगत होता. मगरी रस्त्यावर आल्या, अकोट्यात पत्र्यावर चढून बसलेल्या मगरीचा फोटो तर देशभर फिरला. नदीची कोतरं, म्हणजे काठच्या घळी, भरून आपण त्यावर बांधत गेलो, मग पाणी आणि मगर दोघांनी जायचं कुठे, आपल्याच घरी आले. त्याच्या एकच महिना आधी, जुलैमध्ये, काझीरंगात दोनशेच्या वर प्राणी पुरात गेले होते आणि त्यात गेंडेही होते. ती बातमी मी वाचली होती आणि खरं सांगते, पान उलटलं होतं. स्वतःच्या घरात पाणी शिरलं तेव्हा ती परत आठवली.

आणि आपलं गेंड्याशी जुनं देणंही आहे. बडोद्याच्या खंडेराव महाराज गायकवाडांच्या काळात पाणीगेटच्या अगडात, म्हणजे झुंजीच्या मैदानात, हत्तींची साठमारी व्हायची तशा गेंड्यांच्याही झुंजी लावत. १८६० च्या दशकात आलेल्या एका फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवलंय की ओळखू यावेत म्हणून एका गेंड्याला काळा आणि दुसऱ्याला लाल रंग दिला होता. त्याच्याही कितीतरी हजार वर्षं आधी गेंडा गुजरातेतच चरत होता, मेहसाण्याजवळ लांघणजच्या उत्खननात त्याच्या खांद्याचं हाड मिळालंय. आज तो बघायला आपल्याला थेट आसाम गाठावा लागतो.

म्हणून संपादकसाहेब, माझी एक विनंती आहे. पुढच्या वेळी काझीरंगाचं पान कराल तेव्हा त्या नऊ वाटांची नावं आणि नकाशा छापा. नोव्हेंबरपासून आपल्याकडून ग्रुपच्या ग्रुप जातील, त्यांनी बुकिंग करायच्या आधी हॉटेल कुठल्या कॉरिडॉरवर तर नाही ना हे विचारावं, रात्रीचा हायवे टाळावा, आणि ड्रायव्हरला गाडीत बसतानाच सांगावं की बोर्ड दिसला की चाळीस, जेवण थंड मिळालं तरी चालेल. पैसे आपण देतो, आपलं तो ऐकतो. आम्ही परतताना सांगितलं तर त्याने मुकाट्याने हळू चालवली होती.

सोबत एक फोटो पाठवतेय. गेंड्याचे फोटो तुमच्याकडे भरपूर असतील, हा त्या रस्त्यावरच्या बोर्डाचा आहे. जागा असेल तर हा छापा.

आपली,
एक नेहमीची वाचक
दांडिया बाजार, वडोदरा