ब्याऐंशी पैसे

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन कट केलास त्याला आज चार दिवस झाले. आई म्हणते पोरगी शूटिंगमध्ये असेल. मी तिला काही सांगितलं नाही, आपलं काय बोलणं झालं ते. मला फोनवर नीट बोलता येत नाही, माझा आवाज चढतो आणि तुझा पण चढतो, म्हणून हे टाइप करतोय. सावकाश वाच. एका दमात वाचू नकोस, आणि रागात तर नकोच.

पहिलं म्हणजे मी तुझं पासबुक तपासत नव्हतो गं. ते जॉइंट अकाउंट तू दहावीत असताना काढलंय, स्कॉलरशिपसाठी, तेव्हापासून त्याचे मेसेज माझ्याच नंबरवर येतात. पस्तीस वर्षं बँकेत काढली, आकडा दिसला की डोळा तिथं जातोच. गेल्या जूनपासून दर महिन्याला 588.82. दिवाळीनंतर 942.82. आणि पाडवा झाल्यावर 1,768.82. मी आधी त्या ब्याऐंशी पैशांवर अडकलो, म्हणलं दर वेळी ब्याऐंशी पैसेच कसे, मग कागदावर मांडलं, 499 वर 18 टक्के जीएसटी, 799 वर 18 टक्के, 1,499 वर 18 टक्के, तिन्हीला शेवटी ब्याऐंशीच येतात. मग कळलं की हे सगळं एकाच ठिकाणी चाललंय, तुझ्या त्या कास्टिंगच्या, रोल शोधायच्या ॲपला. वर्षाच्या आत फी तिप्पट! बेरीज पण केली, मेअखेर 11,195.84. तो मध्ये मध्ये 236 चा बूस्ट वेगळा.

एवढंच मला विचारायचं होतं आणि मी ते नीट विचारलं नाही. "हे पैसे कुठून आणतेस" असं एकदम विचारलं, पोलिसासारखं. चुकलं माझं.

तू जे रविवारी बोललीस ना ते मी रात्रभर डोक्यात घोळवलं. तू म्हणालीस, बाबा, पूर्वी ओळख लागायची, आता निदान सांगलीची मुलगी घरात बसून ऑडिशनची टेप पाठवू शकते. खरं आहे. मी नाकारत नाही. मागच्या वर्षी तुझी बॅग पोचवायला आलो होतो तेव्हा वर्सोव्याला आराम नगरमध्ये तुझ्याबरोबर ऑडिशनसाठी फिरलो ते अजून डोळ्यासमोर आहे, ती बैठी घरं, दारादाराला कागद चिकटवलेले, बाहेर शंभर पोरं हातात पाण्याची बाटली आणि बदलायचा शर्ट घेऊन उभी, आणि दारातला तो पोरगा, तुझ्यापेक्षा पण लहान असेल, तुझ्याकडे एकदा बघून म्हणाला नॉट फिट. दोन सेकंद. तू हसून पुढच्या दाराला गेलीस आणि मी मागं चहाच्या टपरीपाशी थांबलो, कारण माझं तोंड तुला दाखवायचं नव्हतं. तसल्या उन्हात सहा दारं फिरण्यापेक्षा ॲप बरं, हे मला पटतं.

पण मग आधी दार उघडून द्यायचं, सगळे आत आले की तिकीट लावायचं, आणि मग दर चार-सहा महिन्यांनी तिकीट वाढवायचं, हे मला पटत नाही. तू आणि जतची ती तुझी मैत्रीण, दोघींनी एकाच दिवशी प्रोफाइल काढलं होतं. तूच सांगितलंस की फ्री वाल्यांना महिन्याला तीनच अप्लाय, आणि कॉल दिसतो तो पण एक दिवस उशिरा, तोवर तिकडं शॉर्टलिस्ट झालेली असते. ती पोरगी परत जतला गेली. पुण्यात भरत नाट्य मंदिरात तिचा तो म्हातारीचा रोल झाला तेव्हा "अरे आवाज कुणाचा" करून घसा फोडणारी पोरं एकदम गप्प झाली होती, मी तिथं होतो, मी बघितलंय. तुझ्यापेक्षा ती कणभर सरसच होती त्या दिवशी, तू पण मान्य केलंस. तिला मुंबईत कुणी नापास केलं नाही. तिची टेप कुणी बघितलीच नाही. महिन्याला सतराशे रुपये तिच्या बापाकडं नव्हते, बास, एवढंच झालं. आणि तुझ्याकडं आहेत असं तू म्हणतेस.

आहेत म्हणजे कुठून, ते मला कळत नाही. बरं, नाही विचारत.

मँडेटचं, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची जी परवानगी तू दिलीस तिचं, तेवढं ऐक, हे मी बँकवाला म्हणून सांगतोय. ऑटोपे चालू करताना त्यात कमाल रक्कम घातलेली असते, तू घाईत जी ओके केलीस ती. त्या रकमेच्या आत ते कितीही ओढू शकतात, 15,000 पर्यंत पिन पण मागत नाहीत. म्हणून फी वाढली तरी तुला काही करावं लागलं नाही, आपोआप गेली. पैसे कापायच्या 24 तास आधी मेसेज आलाच पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो तुला येत असणार, तू बघत नसशील. तुझ्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे म्हणून एक जागा आहे, तिथं जाऊन मँडेट पॉज कर नाहीतर रद्द कर, त्या कंपनीची परवानगी लागत नाही. लागेल तेव्हा एक महिना भर, हातानं भर. हातानं भरताना माणूस विचार करतो. आता हे भाषण झालं, मला माहीत आहे, तू पुढं सरकवशील. सरकव, पण मँडेट बघ.

पमीताईचा जावई आलाय अमेरिकेतून, कॅलिफोर्नियात असतो, त्याच्यापाशी बोललो. तुझं नाव न घेता हं. तो म्हणाला त्यांच्याकडं 2009 साली कायदाच केला, 2010 पासून लागू, तुम्हाला काम मिळवून देतो म्हणून कलाकाराकडून आधी पैसे घ्यायचे नाहीत, ऑडिशनला तर नाहीच नाही. आणि हे ॲपसारखे जे नुसतं तुमचं प्रोफाइल लावतात, त्यांना फी घेता येते पण आधी सरकारकडं 50,000 डॉलरचा बाँड ठेवावा लागतो, आणि सही केल्यापासून कामकाजाच्या 10 दिवसांत कलाकारानं नको म्हणलं तर पैसे परत. 2017 मध्ये लॉस एंजेलिसला वर्कशॉपच्या नावाखाली पैसे घेऊन ऑडिशन देणाऱ्यांवर खटले पण भरले. आणि लंडनला कलाकारांची युनियन आहे इक्विटी, ती तर तिथल्या स्पॉटलाइट नावाच्या कास्टिंग डिरेक्टरीला फीवरून कोर्टात घेऊन गेली, ती डिरेक्टरी 1927 पासूनची. म्हणजे बघ, हॉलिवूडच्या पोरांना पण हेच दुखतंय. फरक एवढाच की तिथं ती एकत्र येऊन बोलली. तुम्ही चौघी एका फ्लॅटमध्ये राहता, चौघी त्याच ॲपला पैसे भरता, आणि एकमेकींना सांगत नाही किती भरले ते. का गं? आपल्याकडं पण सिंटा आहे ना, कलाकारांची संघटना, 1958 पासून, जाऊन विचारायला काय हरकत आहे की ह्याबद्दल तुम्ही काही करता का. एकटी जाऊ नकोस, चौघी जा.

मला ह्यात सगळ्यात जास्त आण्णा आठवतात. तू लहान होतीस, तुला ते फक्त खाटेवरचे आठवत असतील. त्यांची ढोलकी ऐकायला कवलापूरची माणसं यायची, आणि कवलापूर म्हणजे काळू-बाळूंचं गाव, तिथल्या माणसाला वाईट ढोलकी चालत नाही. तमाशाच्या फडाचा मालक दसऱ्याच्या आधी आण्णांच्या हातावर सीझनची आगाऊ उचल ठेवायचा. त्या उचलीत आजी पत्र्याचं घर शाकारायची, माझी वह्या-पुस्तकं यायची. मग सीझनभर ती अंगावर फिटायची, आणि एखाद्या वर्षी यात्रेला पाऊस पडला, खेळ बुडाले, की पुढच्या वर्षावर जायची. बोरमाळ त्यातच गेली, तुझ्या आजीनं त्यावर कधी शब्द काढला नाही पण गळ्याकडं हात जायचा तिचा. त्या उचलीनं माणूस बांधला जायचा, मी चांगलं म्हणत नाही तिला. पण सोनू, तेव्हा पैसे मालकाकडून कलाकाराकडं यायचे. कलेवर भरवसा ठेवून आधी मालक पैसे मोजायचा. आता तू उचल देतेस. त्यांना. आणि काम मिळेल का, कुणी टेप उघडून तरी बघेल का, ह्याचा शब्द कुणी देत नाही. मी दोन दिवस ह्यावर विचार केला आणि मला ते कुठल्याच बाजूनं बरोबर वाटेना.

त्या मिक्सरच्या जाहिरातीचे 8,000 ठरले, कोऑर्डिनेटरचे 20 टक्के गेले, 6,400 आले, ते पण नव्वद दिवसांनी. आणि ते काम ॲपवरून नाही आलं, तुझ्या नाटकातल्या मित्रानं नाव सुचवलं म्हणून आलं. असं तूच आईला सांगितलंस. मग 11,195 रुपयांचं काय झालं? तरी ती जाहिरात लागली की आई स्वयंपाकघरातून पळत येते. तू दीड सेकंद दिसतेस, मागं, पदर खोचलेली. शेजारच्या काकूंना तिनं मोबाइलवर थांबवून थांबवून दाखवलं. मी ऑफिसच्या जुन्या ग्रुपवर टाकली, चाळीस जणांनी हात जोडले.

आणि ती टेप. तू चुकून मला पाठवलीस आणि मग डिलीट केलीस, हॉस्पिटलच्या बाहेर बसलेल्या बाईची. तोवर मी डाउनलोड केली होती. तू त्यात रडत नाहीस, नुसतं पिशवीचं बंद बोटाला गुंडाळतेस आणि सोडतेस. ते आईचं आहे. आई माझ्या ऑपरेशनच्या वेळी तशीच बसली होती, तू तेव्हा सातवीत होतीस, म्हणजे तू ते बघत होतीस आणि इतकी वर्षं जपून ठेवलंस. मी ती टेप अकरा वेळा बघितली. त्या ॲपवर कितीजणांनी बघितली असं दाखवतं का? तू म्हणालेलीस शून्य व्ह्यूज. शून्य कसे? ज्यानं बघायचं त्यानं बघितलंच नाही तर त्याला काय कळणार आपल्याकडं काय आहे ते.

5 नोव्हेंबरला तुला पहिल्यांदा भावे नाट्यमंदिरात नेलं होतं, पाच वर्षांची होतीस, खांद्यावर बसून विचारलंस आज कुणाचा वाढदिवस आहे. मी म्हणलं नाटकाचा. 1843 ला ह्याच सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीता स्वयंवर केलं, राजेसाहेबांनी आश्रय दिला म्हणून झालं. तू घरी येऊन आजीची शाल पांघरून सीता झालीस आणि दादाला धनुष्य करून उचललंस, तो पडला, अजून भुवईवर खूण आहे त्याच्या. राजा पैसे घालायचा तेव्हा. मग फडमालक घालायचा. आता कोण घालतं तर आमची सोनू घालते. माझे 5,000 तू खायला म्हणून घेतेस ना? ते खाण्यातच जातात ना?

परत तेच. मला नव्हतं विचारायचं.

बरं, आता लिहूनच टाकतो, नाहीतर हे पत्र संपायचं नाही. 12 मेला तुझ्या खात्यात 9,200 जमा झालेत. पगार नाही, माझे नाहीत, दादाचे पण नाहीत, मी त्याला आडून विचारलं. दहा हजार मागितले की प्रोसेसिंग कापून 9,200 हातात ठेवतात असली कर्जाची ॲपं असतात, मी माझ्या काउंटरवर असली पोरं बघितलीत, हजाराचे पाच हजार झाल्यावर बापाला घेऊन येणारी. तू तसं केलं असशील तर मी ओरडणार नाही. खरंच नाही. कर्ज देताना त्यांनी एक कागद द्यायला लागतो, केएफएस, त्यात वर्षाचा खरा व्याजदर लिहिलेला असतो, त्याचा स्क्रीनशॉट मला पाठव. आणि ते ॲप रिझर्व्ह बँकेकडं नोंदणी असलेल्या कंपनीचं आहे का ते मी बघतो. कॉन्टॅक्टची, फोटोची परवानगी दिली असशील तर आत्ता, हे वाचता वाचता, सेटिंगमध्ये जाऊन काढ. माझी एक एफडी आहे, छोटी, आईला पण माहीत आहे, ती कशासाठी ठेवलीय आम्ही?

मुंबई सोड असं मी म्हणत नाहीये. रविवारी तुला तसं ऐकू आलं असेल. मी म्हणालो "परत ये" ते दोन दिवसांसाठी म्हणालो होतो, आजीचं वर्षश्राद्ध आहे म्हणून. तू त्या टेपमधली बाई आहेस तोवर तू तिथंच राहायचं. फक्त पैसे देऊन रांगेत पुढं जायचं म्हणून जेवण तोडू नकोस आणि कर्ज करू नकोस, आणि ज्या पोरी रांगेतूनच बाहेर पडल्या त्यांच्याशी बोलणं सोडू नकोस. जतच्या पोरीला मी फोन केला होता काल. ती शाळेत नाटक बसवतेय पोरांचं. तुझी चौकशी केली तिनं, रागात नाहीये ती.

गोरेगावच्या मामांबरोबर शनिवारी महालक्ष्मीनं डबा पाठवतोय. भडंग आहे, शेंगदाण्याची चटणी आहे, आणि आईनं तुला नको असलेले मेथीचे लाडू घातलेत. मामा दादरला उतरतील, सकाळी लवकर, तू ये नाहीतर तुझ्या रूममेटला पाठव. डब्याच्या तळाशी पाकीट आहे, ते मामांसमोर उघडू नकोस.

आणि त्या 9,200 चा हप्ता किती तारखेला आहे तेवढं कळव. फोन नको वाटत असेल तर नुसता आकडा टाक.

तुझा,
बाबा