माझ्या वॉरंटीच्या बिलावरून माझ्याच दुकानदाराचा माल बंद

प्रति,
विक्री विभाग प्रमुख आणि ग्राहक सेवा प्रमुख

विषय : वॉरंटी नोंदणीसाठी दिलेलं बिल दुकानदाराविरुद्ध वापरल्याबद्दल

महोदय,

आज सकाळी तुमच्या टोल फ्री क्रमांकावर माझा पाचवा फोन झाला. फोन ठेवल्यावर दोन मिनिटांत 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे' असा मेसेज आला. निराकरण झालेलं नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

गेल्या महिन्यात कराडमधल्या आमच्या नेहमीच्या दुकानातून तुमचं सात किलोचं टॉप लोड वॉशिंग मशीन घेतलं. खोक्यावरची छापील किंमत 24,990 रुपये. तुम्ही दुकानदारांना बांधून दिलेली एमओपी, म्हणजे जिच्याखाली विकायचं नाही ती किंमत, 17,490. सासूबाईंचा हात प्लास्टरमध्ये, जुनं मशीन बंद पडलेलं, आणि महिनाअखेर. मी घासाघीस केली आणि दुकानदार काकांनी ते 16,800 ला दिलं. जीएसटीचं पक्कं बिल केलं. त्याच रात्री नऊ वाजता त्यांचा मुलगा आणि हमाल मशीन घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढले. नळाला जोडणी बसत नव्हती, तर मुलगा परत दुकानात जाऊन दुसरी घेऊन आला. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या ॲपवर वॉरंटी नोंदवली. बिलाचा फोटो टाकल्याशिवाय ॲप पुढे जात नाही, म्हणून टाकला.

पंधरा दिवसांनी भाचीच्या लग्नासाठी फ्रिज बघायला दुकानात गेले. काका म्हणाले, "ताई, तुमच्या मशीनच्या कंपनीचा फ्रिज देता येणार नाही. त्यांनी आमचं बिलिंग बंद केलंय, माल देत नाहीत." कारण विचारलं तर सांगेनात. मुलाने मोबाईल माझ्यापुढे धरला. डिस्ट्रिब्युटरने व्हॉट्सॲपवर बिलाचा फोटो पाठवला होता, 16,800 या आकड्याभोवती लाल गोल काढून. फोटोच्या कडेला निळ्या चौकड्यांचं मेणकापड दिसत होतं. ते आमच्या जेवणाच्या टेबलावरचं आहे. बिल मी तिथेच ठेवून फोटो काढला होता.

एमओपीपेक्षा 690 रुपये कमी घेतले म्हणून त्यांचं बिलिंग बंद, आणि सणाच्या तिमाहीच्या स्कीमची क्रेडिट नोट, म्हणजे तुमच्याकडून त्यांना येणं असलेली रक्कम, तीही अडकवली. दुकानदाराला मशीनमागे सुटतं ते याच बॅक मार्जिनमधून, म्हणजे विक्रीनंतर कंपनीकडून मिळणाऱ्या पैशांतून, हे मी तुम्हाला सांगायला नको. 690 रुपये त्यांनी स्वतःच्या नफ्यातून सोडले होते. तुम्हाला मशीनचे पैसे आधीच पूर्ण मिळालेले होते.

आता आजच्या फोनबद्दल. तेवीस मिनिटं होल्डवर ठेवून मला 'वरिष्ठां'कडे दिलं. मी सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली. ते म्हणाले, "मॅडम, तुम्हाला मशीन स्वस्तच मिळालं आहे, मग तुमची तक्रार नेमकी काय?" मी म्हटलं, तक्रार माझ्या बिलाची आहे. वॉरंटीसाठी दिलेला कागद तुम्ही दुकानदाराला शिक्षा करायला वापरलात. त्यावर उत्तर आलं, "किंमत दुकानदार ठरवतो, त्यात कंपनीचा काही संबंध नसतो." मग माल का बंद केला? थोडा वेळ शांतता. आणि मग, शब्द जसेच्या तसे लिहिते, "आपण बिल अपलोड केल्यामुळे आम्हाला चौकशी करता आली, त्याबद्दल कंपनीतर्फे धन्यवाद."

मला धन्यवाद! लग्न होऊन या गावात आल्यापासून ज्या माणसाकडून मी पंखा, मिक्सर, इस्त्री, सगळं घेतलं, ज्याने अडचणीच्या वेळी हप्ते थांबवून घेतले, त्याची चुगली केल्याबद्दल माझे आभार मानले गेले. मी चुगली केलेली नाही. मी वॉरंटी नोंदवली. तुमच्या माणसाला यातला फरक कळत नसेल, तर निदान तुम्हाला तरी कळायला हवा.

छापील किंमत ही कमाल किंमत असते. आवेष्टित, म्हणजे पॅकबंद, वस्तूंचे 2011 चे नियम तिच्यापेक्षा जास्त घ्यायला मनाई करतात, कमी घ्यायला नाही. उलट 2002 च्या स्पर्धा कायद्यात कलम 3(4)(ई) आहे. पुनर्विक्रीची किंमत बांधून देणं ते नावानिशी सांगतं, आणि त्याने स्पर्धेला लक्षणीय बाधा येत असेल तर तो करार रद्दबातल ठरतो. हे तुमच्या कायदा विभागाला ठाऊक असणारच. ऑगस्ट 2021 मध्ये स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीला याच मुद्द्यावर 200 कोटींचा दंड ठोठावला. ठरलेल्यापेक्षा जास्त सूट देणारे डीलर पकडायला तिथे खोटी गिऱ्हाइकं पाठवली जात होती, असं आयोगाच्या आदेशात आहे. आणि ते प्रकरण सुरू झालं एका निनावी ई-मेलवरून. कंपनी पुढे अपिलात गेली, तो भाग वेगळा. पण त्यांनी निदान खोटी गिऱ्हाइकं पाठवली. तुम्ही खऱ्या गिऱ्हाइकाला न विचारता त्या कामाला लावलंत.

तुमच्या एरिया मॅनेजरनी काकांना सांगितलं की एमओपी छोट्या दुकानदारांच्याच भल्यासाठी आहे, मोठ्यांनी भाव पाडून त्यांना मारू नये म्हणून. हे खरं असतं तर मी गप्प बसले असते. पण हेच मशीन हायवेवरच्या मोठ्या शोरूममध्ये बँकेच्या कार्डावर दहा टक्के सूट देऊन विकलं जातंय, मी स्वतः जाऊन पाहून आले. म्हणजे 15,741 रुपये. बिलावर मात्र 17,490 च राहतात, म्हणून तिथे कुणी लाल गोल काढत नाही. काकांच्या दुकानाशी कुठलीही बँक करार करणार नाही. त्यांच्या हातात एकच गोष्ट असते, समोरच्या माणसाची अडचण बघून आपल्या नफ्यातले चार पैसे सोडणं. तेवढंच तुम्ही बंद केलंत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

यात माझंही नुकसान आहे. काकांकडे एमओपी, शोरूममध्ये ज्या बँकेचं कार्ड माझ्याकडे नाही त्या बँकेची सूट. माझ्यासारखीने जायचं कुठे? आमच्या आधीच्या मशीनवरही तुमचंच नाव होतं. चौदा वर्षं चाललं, म्हणून दुसरं कुठलं बघितलंही नाही.

काकांचं बिलिंग आठ दिवसांत सुरू करा आणि अडकवलेली क्रेडिट नोट द्या. माझ्या बिलाचा फोटो कुणाकुणाला पाठवला ते मला लेखी कळवा. आणि ज्याने मला धन्यवाद दिले त्याने माझी लेखी माफी मागावी. मला सूट नको, व्हाउचर नको. आज फोनवर व्हाउचरचंही विचारलं गेलं, तेही इथे नोंदवते.

आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि व्हॉट्सॲपवरच्या त्या फोटोसह सगळी कागदपत्रं स्पर्धा आयोगाकडे पाठवीन. काका नको म्हणत आहेत. त्यांना वाटतं की त्यामुळे उरलेल्या कंपन्याही माल बंद करतील. त्यांच्या या भीतीला तुम्ही जबाबदार आहात.

भाचीच्या लग्नाचा फ्रिज दुसऱ्या कंपनीचा घेतला. काकांकडूनच घेतला.

आपली ग्राहक,
कराड, जि. सातारा

सोबत : बिलाची प्रत, पाच फोनच्या तारखा आणि वेळा, लाल गोल काढलेल्या फोटोची प्रत