चित्रफितींनाही दाखल क्रमांक द्या

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

मी एका खेड्यातल्या ‘क’ वर्ग वाचनालयाची ग्रंथपाल. गावातल्या एका दात्याने दिलेला टीव्ही आमच्याकडे आहे. एरवी तो क्रोशाच्या रुमालाखाली असतो. गेल्या उन्हाळ्यात तो एकदा लावला. अभ्यासिकेतली मुलं ओळ न् ओळ पिवळ्या पेनने रंगवत बसतात, ते रोज बघवेना. मोबाइलवरचा एक मराठी व्हिडिओ टीव्हीला जोडला : वाचून झालं की पुस्तक मिटा, आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर उतरवा, मग उघडून काय राहिलं ते पाहा. बारा मिनिटांत नेट तीनदा गेलं, मध्येच कर्जाची जाहिरात. तरी दुसऱ्या दिवशी पोलीस भरतीचा अभ्यास करणारा एक मुलगा माझ्याकडे पाठकोरे कागद मागायला आला.

त्या दिवशी मासिक बदलायला आलेली एक आई दारातूनच पाहत होती. म्हणाली, “ताई, उशिरा बोलणाऱ्या मुलांचं असं काही आहे का?” मुलगा अडीच वर्षांचा. कान तपासून घे, डॉक्टरांना दाखव, त्याच्याशी बोलत राहा, एवढं मी सांगितलं. बालसंगोपनाची आमच्याकडे दीड कपाट पुस्तकं आहेत. पण तान्ह्याच्या हुंकाराला आईने कसं उत्तर द्यायचं, हे छापील पानावर दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. मेंदूची 85 टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते, असं राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 सांगतं. ते या आयांपर्यंत कोण पोचवणार? (पोरांना टीव्हीपुढे बसवा असं मी म्हणत नाही. बघायचं आईबापांनी, आजीने.)

हे महाराष्ट्राला नवं नाही. पुण्यात 1984 साली मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी सरकारी संस्था बालचित्रवाणी सुरू झाली, 2017 मध्ये बंद झाली. तिचे आजही चालतील असे कार्यक्रम निवडून वाचनालयांना द्यावेत. ‘दीक्षा’ या सरकारच्या शालेय शिक्षणाच्या अॅपवर व्हिडिओ आहेत, पण ते मुख्यतः इयत्ता आणि विषयानुसार लावलेले; अडीच वर्षांच्या मुलाची इयत्ता कोणती?

ग्रंथालय संचालनालय शासनमान्य ग्रंथांची यादी काढतं. तशीच चित्रफितींची काढा. निवड बालरोगतज्ज्ञांनी, शिक्षकांनी आणि अंगणवाडीताईंनी करावी. निर्मात्यांची परवानगी घेऊन त्या पेनड्राइव्हवर द्याव्यात, म्हणजे नेटचा प्रश्नच मिटला. पेनड्राइव्ह दाखल रजिस्टरला (प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन नोंदतो ती वही) चढावा, पुस्तकासारखी त्याचीही देवघेव व्हावी, आणि अनुदानातून तो घेता यावा. नाहीतर तपासणीला तो कोणत्या रकान्यात दाखवायचा, यावर आमची दुपार जायची.

टीव्ही आहे. गुरुवारी दुपारी वाचनालय मोकळं असतं. आयांना घेऊन यायचं अंगणवाडीताईंनी कबूल केलंय. दाखवायचं काय, तेवढं पाठवा.

आपली,
एक ग्रंथपाल