वाद होण्याआधीच बोलता यावे यासाठी

मा. मंत्री महोदय,
सामाजिक न्याय व विशेष साहाय्य विभाग, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

नाशिकरोडच्या मुद्रणालयांतून, ओझरच्या विमान कारखान्यातून आणि सातपूर-अंबडच्या कंपन्यांतून निवृत्त झालेली पिढी आज सत्तरीच्या पुढे आहे. अनेकांची मुले पुण्या-मुंबईत किंवा परदेशात स्थायिक झाली आहेत. दिवाळीला सगळे एकत्र येतात, परंतु औषधपाण्याचा आणि केअरटेकरचा खर्च कोणी किती उचलायचा, रात्री उठून कोणी पाहायचे, हा विषय निघत नाही. आई-वडिलांना मुलांकडे पैसे मागणे कमीपणाचे वाटते. मुलांना वाटते, आपण विचारले तर इस्टेटीवर डोळा आहे असे म्हणतील. आणि जी सून किंवा मुलगी रोजचे सगळे करते, तिचे श्रम कोणाच्याच हिशेबात येत नाहीत. बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची आणि आईच्या आजारपणात रजा मात्र तिनेच काढायची, हे मी जवळच्या घरांत पाहिले आहे आणि ते मला अन्यायाचे वाटते.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाचा २००७ चा कायदा ज्येष्ठांना प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याचा हक्क देतो. सुनावणीपूर्वी प्रकरण समेटासाठी पाठवण्याची सोयही त्यात आहे. मात्र त्यासाठी सहसा आधी आईला किंवा वडिलांना पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज करावा लागतो, आणि असा अर्ज करण्यापेक्षा अर्धपोटी राहणे पत्करणारी माणसे आपल्या समाजात कमी नाहीत. म्हणून माझी पहिली विनंती अशी की, अर्ज नसतानाही कुटुंबाला प्रशिक्षित समुपदेशकासमोर एकत्र बसून खर्च आणि सेवेची वाटणी ठरवता यावी, आणि ही बैठक शहरातील ज्येष्ठ नागरिक संघांच्या जागेत व्हावी. बाहेरगावच्या मुलांना व्हिडिओ कॉलवरून सहभागी होता यावे, आणि ठरलेले कागदावर लिहून प्रत्येकाला त्याची प्रत मिळावी.

दुसरी विनंती अधिक तातडीची आहे. या कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, ज्येष्ठांना परत मिळू शकते. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात ही अट सिद्ध होणे आवश्यक मानले. जानेवारी २०२५ मध्ये उर्मिला दीक्षित प्रकरणात न्यायालयाने ज्येष्ठांच्या हिताचा उदार अर्थ लावला खरा, पण तिथेही आईने मुलाकडून सांभाळाचे वचन लिहून घेतले होते. आपल्याकडे बक्षीसपत्र करताना अशी अट घालणे म्हणजे मुलावर अविश्वास दाखवणे, असे आई-वडिलांनाच वाटते. तो संकोच शासन दूर करू शकते. दुय्यम निबंधक कार्यालयात साठीपुढील व्यक्तीने बक्षीसपत्र नोंदवताना कलम २३ ची माहिती सोप्या मराठीत वाचून दाखवावी आणि सांभाळाची अट हवी की नको, हे दोन्ही बाजूंना विचारणे बंधनकारक करावे. सर्वांनाच विचारले जात असेल, तर तो प्रश्न कोणत्या एका मुलावरचा आरोप राहणार नाही.

निबंधक कार्यालये महसूल विभागाकडे आहेत, याची मला जाणीव आहे. त्यामुळे आपण त्या विभागाशी संयुक्त परिपत्रकाबाबत बोलावे आणि आरंभ नाशिक जिल्ह्यापासून करावा, ही आग्रहाची विनंती.

आपली विश्वासू,
आई-वडिलांचा सांभाळ करणारी एक मुलगी,
इंदिरानगर, नाशिक